उरलेलं शेत

अखाजीला आमच्या खानदेशात घरोघरी घागर भरतात. पितरांच्या नावाने भरलेली पाण्याची घागर, जवळ आंबे आणि सांजोऱ्या, अंगणातल्या निंबाला झोका, माहेरी आलेल्या लेकी. काही वर्षांपूर्वी अखाजी होऊन तीन आठवडे झाले असतील, धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला माझ्याकडे घेऊन आली. मुलगी बाकावर आडवी पडली होती. ओठ भेगाळलेले, डोळे खोल गेलेले, श्वास धावून आल्यासारखा, तोंडाला पिकून उतरलेल्या फळाचा वास. दोन दिवस कुठेतरी दम्याचं औषध चालू होतं. पाणी खूप पिते का, असं विचारलं तर आई म्हणाली, "उन्हाना दिवस शेतस डॉक्टर, पानी तर पेसच." मग आजीने सांगितलं की अखाजीला पोर घागरीपासून हलायलाच तयार नव्हती, पितरांच्या घागरीला तोंड लावलं म्हणून मारही बसला होता. मी बोटातून थेंब घेऊन पट्टीवर ठेवला. मीटरने आकडा दिलाच नाही. साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेली की पडद्यावर नुसतं 'हाय' येतं, तसं आलं.

मुलगी वाचली. सलाइन, नसेतून थेंबाथेंबाने इन्सुलिन, रात्रभर दर तासाला पट्टी. चौथ्या दिवशी ती उठून बसली, भाकरी मागू लागली, आणि आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "सुई कवय बंद व्हई?"

तीस वर्षं या प्रश्नाला मी एकच उत्तर देत आलो आहे. ताई, सुई बंद होणार नाही. ते उत्तर आजही बदललेलं नाही, आणि ही पुस्तिका वाचणाऱ्या कोणीही ते बदललं असं समजू नये. पण त्या प्रश्नाच्या अलीकडे आणखी एक प्रश्न आहे, तो आम्ही डॉक्टर मंडळी पालकांपाशी बोलतच नव्हतो. आजार कळतो त्या दिवशी मुलाच्या अंगात स्वतःचं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थोड्याफार उरलेल्या असतात. त्या उरलेल्या वाचवता येतील का? टाइप वन मधुमेह नुकताच झालेल्या मुलांसाठी शरीराच्या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधांचं जे संशोधन जगभर चाललं आहे ते सगळं या प्रश्नाभोवती आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या पालकांसाठी, शिक्षकांसाठी, आशाताईंसाठी ही पुस्तिका तयार करणाऱ्या मंडळींनी प्रस्तावना मागितली, तेव्हा मी हो म्हटलं ते याच प्रश्नासाठी.

कुंपणानेच शेत खाल्लं असं आपण म्हणतो. या आजाराचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यात बेटांसारखे पेशींचे पुंजके विखुरलेले असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये ते पहिल्यांदा टिपले. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. अंगात शिरलेले जंतू ओळखून त्यांना मारणाऱ्या टी पेशी हे आपलं कुंपण. टाइप वनमध्ये हे कुंपण बीटा पेशींनाच परकं समजतं आणि खाऊ लागतं. १९६५ मध्ये विली गेप्ट्स या बेल्जियन डॉक्टरांनी, आजार नवा असतानाच दगावलेल्या रुग्णांची स्वादुपिंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा त्यांना त्या बेटांना वेढून बसलेल्या प्रतिकार पेशींची गर्दी दिसली. १९७४ मध्ये लंडनला बोटाझो आणि डोनियाक यांना रुग्णांच्या रक्तात या बेटांविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, सापडली. तोवर लहान मुलांचा मधुमेह म्हणजे मोठ्यांच्या मधुमेहाचंच जोरकस रूप असा समज होता. तो तिथे संपला.

म्हणजे मुलाने केळी खाल्ली म्हणून, आजोबा रोज बाजारातून जिलबी आणायचे म्हणून, गरोदरपणी आईला गोडाचे डोहाळे लागले म्हणून हा आजार झालेला नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून आलेल्या किती आयांनी माझ्यासमोर स्वतःला दोष देत डोळे पुसले आहेत! त्यांच्यासाठी हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवतो.

कुंपण शेत खायला लागतं ते एका रात्रीत नाही. प्रतिपिंडं रक्तात दिसू लागल्यापासून तहान लागेपर्यंत महिने जातात, पुष्कळदा वर्षं जातात. म्हणून २०१५ पासून या आजाराचे टप्पे मानतात. पहिल्यात दोन किंवा अधिक प्रतिपिंडं असतात पण साखर ठीक असते. दुसऱ्यात साखर बिघडू लागते पण मुलाला काही जाणवत नाही. तिसऱ्यात तहान, लघवी आणि उतरत चाललेलं वजन. आमच्याकडे मूल येतं ते तिसऱ्या टप्प्यावर, आणि फार वेळा त्याच्याही शेवटी, त्या नऊ वर्षांच्या मुलीसारखं. तोवर शेताचा मोठा भाग गेलेला असतो, पण सगळा नाही.

उरलंय किती, हे मोजण्याची रीत फार सुंदर आहे. ती पालकांना समजली की पुढचं सगळं संशोधन समजतं, म्हणून इथे थोडा थांबतो. घरात म्हैस आहे आणि डेअरीचं दूधही येतं. पातेल्यात दोन्ही एकत्र झालं की घरचं किती हे सांगता येत नाही. पण घरच्या प्रत्येक लिटरामागे पातेल्यात एक वेगळा शेंगदाणा पडत असता, तर शेंगदाणे मोजून ते कळलं असतं. बीटा पेशीत असा शेंगदाणा खरोखर असतो. तिथे इन्सुलिन आधी एका लांब साखळीच्या रूपात बनतं. ती तुटली की एका बाजूला इन्सुलिन निघतं आणि दुसऱ्या बाजूला एक छोटा तुकडा, तितक्याच संख्येने. त्याचं नाव सी-पेप्टाइड. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. म्हणून मूल कितीही इन्सुलिन टोचत असलं तरी रक्तातलं सी-पेप्टाइड मोजलं की त्याच्या स्वतःच्या पेशी किती काम करतात हे कळतं. संशोधनात मुलाला दुधासारखं पेय पाजून दोन-चार तास ठराविक वेळाने रक्त घेतात आणि सी-पेप्टाइड कुठवर चढतं ते पाहतात. औषधाने उपयोग झाला की नाही, हे मुख्यतः या आकड्यावरून ठरतं.

थोडंसं उरून काय मोठा फरक पडतो, असं कोणी म्हणेल. पडतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,४४१ रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या अभ्यासात ज्यांचं स्वतःचं इन्सुलिन थोडं टिकून होतं त्यांना साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग कमी आले आणि डोळ्यांचा बिघाडही कमी झाला. मध्यरात्री साखर उतरून मुलाला झटके येतात, ते ज्या आईने एकदा पाहिलं आहे तिला या 'थोड्या'ची किंमत सांगावी लागत नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती आमच्या भागात इतक्या वेळा घडते की मला ती जवळजवळ पाठ झाली आहे. आजार कळतो, इन्सुलिन सुरू होतं, आणि एक-दोन महिन्यांत डोस आपोआप उतरू लागतो. वीस युनिट लागायचे तिथे सहा पुरतात, कधी दोन. वाढलेल्या साखरेच्या भाराखाली दमलेल्या, पण जिवंत राहिलेल्या बीटा पेशींना बाहेरच्या इन्सुलिनने विसावा मिळतो आणि त्या पुन्हा कामाला लागतात. डॉक्टर याला हनिमून म्हणतात. मला हा शब्द मुलांच्या बाबतीत कधीच बरा वाटला नाही, मी विसाव्याचा काळ म्हणतो. नेमकं त्याच वेळी घरात कोणीतरी कारल्याचा रस सुरू केलेला असतो, नाहीतर कोणी दूरच्या गावाहून पुडी आणलेली असते. श्रेय पुडीला जातं. सुई बंद केली जाते. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग मूल पुन्हा तोच खोल श्वास घेत दवाखान्यात येतं. सुई बंद केल्याने दगावलेलं एक मूल मला अजून आठवतं. त्याच्या वडिलांनी पुडीसाठी शेळ्या विकल्या होत्या. आणि विसाव्याचा काळ म्हणजे काय, हे मी त्यांना निदानाच्या दिवशीच नीट समजावलं नव्हतं. 'आता डोस कमी होईल, पण फसू नका' एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर! ते न बोलल्याचं ओझं माझ्यावर आहे, आणि तेव्हापासून प्रत्येक घराला मी ते पहिल्याच आठवड्यात सांगतो.

पण हाच विसाव्याचा काळ संशोधकांना वेगळा दिसला. कुंपण अजून खातच आहे, म्हणून हा काळ संपतो. कुंपणाला आवर घातला तर तो लांबेल.

पहिला मोठा प्रयत्न १९८० च्या दशकात झाला. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात ते सायक्लोस्पोरिन कॅनडात आणि फ्रान्समध्ये नव्या रुग्णांना देऊन पाहिलं. पॅरिसला लहान मुलांनाही दिलं. काही मुलांचं इन्सुलिन खरोखर काही काळ सुटलं. ते वाचून त्या वेळच्या बालरोगतज्ज्ञांना काय वाटलं असेल! पण औषध थांबवलं की आजार परत येत होता आणि चालू ठेवलं तर मूत्रपिंडाला इजा होत होती. रस्ता बंद झाला, पण एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. निदानानंतरही कुंपणाशी बोलता येतं, उशीर पूर्ण झालेला नसतो.

त्यानंतर शोध सुरू झाला तो सगळी प्रतिकारशक्ती दाबून न टाकता नेमक्या बिघडलेल्या पेशींना शांत करण्याचा. पॅरिसच्या लुसिएन शातनू आणि झाँ-फ्रांस्वा बाख यांनी १९९० च्या दशकात मधुमेह झालेल्या उंदरांना टी पेशींवरच्या सीडी३ या खुणेला चिकटणारं प्रतिपिंड थोडे दिवस दिलं, आणि आजार मागे हटला. २००२ मध्ये अमेरिकेत केव्हन हेरॉल्ड यांनी त्याच जातीचं औषध नव्या रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष छापले. त्या औषधाचं आजचं नाव टेप्लिझुमॅब. २०१९ मध्ये दुसऱ्या टप्प्यावरच्या, म्हणजे अजून तहानही न लागलेल्या ७६ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांत बहुतेक मुलंच होती. चौदा दिवसांच्या एकाच कोर्सने आजार उघड होण्याचा मध्यक काळ सुमारे दोन वर्षांवरून चार वर्षांवर गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने या टप्प्यावरच्या आठ वर्षांपुढच्या लोकांसाठी औषधाला मान्यता दिली. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं होतं. मधली शंभर वर्षं आपण जे नाही ते बाहेरून भरत होतो. मुळाशी हात घालणारं औषध मान्य होण्याची ती पहिली वेळ.

नुकतंच निदान झालेल्या मुलांची मोठी चाचणी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये छापून आली. आठ ते सतरा वर्षांची ३२८ मुलं, निदान होऊन सहा आठवड्यांच्या आतली. टेप्लिझुमॅबचे बारा-बारा दिवसांचे दोन कोर्स. दीड वर्षाने पाहिलं तर औषध मिळालेल्यांपैकी जवळपास ९५ टक्के मुलांत सी-पेप्टाइड उपयोगी पातळीवर टिकून होतं, औषध न मिळालेल्यांत ७९ टक्के. पण इन्सुलिनचा डोस आणि तीन महिन्यांची सरासरी साखर यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे मी लपवणार नाही, कारण बातम्यांमध्ये पहिलं वाक्य येतं आणि दुसरं येत नाही. पेशी वाचल्या, सुई मात्र वाचली नाही. पुढच्या दहा-वीस वर्षांत त्या पेशी डोळे-मूत्रपिंडांना वाचवतील अशी आशा आहे. तिला आधारही आहे, पण आजच्या घडीला ती आशाच आहे. शिवाय औषधाची किंमत. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा चौदा दिवसांच्या कोर्सला औषधाचेच सुमारे १ लाख ९४ हजार डॉलर पडत होते, आपले दीड कोटीहून जास्त. कापसाच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घरापुढे हा आकडा ठेवताना मला संकोच वाटतो, पण ठेवायला हवा.

म्हणून माझं लक्ष जास्त लागलं आहे ते गोळ्यांकडे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी बॅरिसिटिनिब या संधिवाताच्या गोळीची चाचणी छापली. दहा ते तीस वर्षांचे ९१ रुग्ण, निदानापासून शंभर दिवसांच्या आत, रोज एक गोळी, ४८ आठवडे. सी-पेप्टाइड चांगलं टिकलं. गोळी बंद केल्यावर मात्र तो फायदा ओसरू लागला. हे नाव तुमच्यापैकी काहींच्या कानावर आधीच गेलेलं असेल. कोविडच्या दुसऱ्या लाटेत हीच गोळी आपल्याकडे ऑक्सिजनवरच्या रुग्णांना दिली जात होती आणि २०२१ मध्ये अनेक भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचा परवाना मिळाला होता. त्याच २०२३ मध्ये वेरापामिलची चाचणीही आली. हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त, धुळ्याच्या कुठल्याही मेडिकलात मिळणारं औषध. प्रतिकारशक्तीशी त्याचा थेट संबंध नाही, ते बीटा पेशीला आतून तग धरायला मदत करतं. निदानाला एक महिना व्हायच्या आत ८८ मुलांवर चाचणी सुरू झाली आणि वर्षाने सी-पेप्टाइड न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त निघालं. कोणीही हे वाचून मेडिकलमधून वेरापामिल आणू नये. ते हृदयाची गती बदलतं, मुलाला देताना ईसीजी लागतो. पण कुंपणाला आवरणारं एक औषध आणि रोपांना पाणी घालणारं दुसरं, अशी जोडी कधीतरी एकत्र दिली जाईल हे मला दिसतं, आणि त्यातलं एक जरी आपल्या आवाक्यातलं असेल तर फार मोठी गोष्ट आहे.

सगळंच यशस्वी झालेलं नाही. पालकांना ज्या जीएडी प्रथिनाच्या प्रतिपिंडांचा रक्ताचा तपास लिहून देतात त्याच प्रथिनाची लस स्वीडनच्या जॉनी लुडविग्सन यांनी मुलांना दिली. २००८ चे निष्कर्ष आशादायक होते, २०१२ च्या मोठ्या चाचणीत ते टिकले नाहीत. पुढे विशिष्ट जनुकं असलेल्या रुग्णांमध्ये तीच लस पुन्हा पारखायला घेतली गेली. बीसीजीबद्दलही मला विचारतात. नव्या रुग्णांना १९९० च्या दशकात ती दिली गेली, उपयोग झाला नाही. आपल्याकडची बहुतेक मुलं जन्मतःच बीसीजी घेतात, तरीही हा आजार होतोच.

या सगळ्या चाचण्यांतला एक धागा पालकांनी पाहावा. सहा आठवडे, शंभर दिवस, एक महिना. प्रत्येक ठिकाणी दार निदानानंतरच्या थोड्याच दिवसांपुरतं उघडं आहे. कारण साधं आहे, जे उरलं असेल तेच वाचवता येतं. आणि आमच्याकडे हे दिवस कसे जातात? जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा तहान कोणाला खटकत नाही. अंथरूण ओलं झालं तर मुलाला रागावतात. लघवीला मुंग्या लागतात हे आजीला दिसतं, पण ते सांगण्यासारखं आहे असं तिला कोणी सांगितलेलं नसतं. वजन उतरलं तर जंताचं औषध. मीही एका मुलाला पहिल्या भेटीत लघवीच्या जंतुदोषाचं औषध देऊन घरी पाठवलं होतं. पट्टी माझ्या टेबलावर होती, हात गेला नाही. पाचव्या दिवशी तो बेशुद्धीत आला. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे, आणि या पुस्तिकेतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच असावी. तहान, वारंवार लघवी आणि उतरतं वजन असलेल्या प्रत्येक मुलाची साखर त्याच क्षणी, बोटातून. २०० च्या वर आली तर उद्या नाही, त्याच दिवशी मोठं रुग्णालय. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीपासून आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे. अंतर आता सबब राहिलेली नाही.

परदेशातलं संशोधन उचलून इथे जसंच्या तसं लावता येणार नाही, याची कारणं पुस्तिकेत पुढे सविस्तर आली आहेत. त्यांपैकी मला सर्वांत मोठी वाटते ती टीबी. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे पाव भारतात आहेत. कुंपणाला आवर घालणारी औषधं, विशेषतः संधिवाताच्या घराण्यातली, अंगात झोपलेल्या टीबीला जागं करू शकतात. नव्या रुग्णांत चांगला गुण दिलेलं गोलिमुमॅब याच घराण्यातलं. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर ज्या घरात आजोबांचं टीबीचं औषध चालू आहे, तिथल्या नातवाला अशी औषधं देण्याआधी काय काय पाहावं लागेल, हे तिकडच्या चाचण्यांनी आपल्यासाठी ठरवलेलं नाही. दुसरी गोष्ट निदानाची. हाडकुळं मूल आणि साखर जास्त, एवढ्यावरून तो टाइप वनच असं नाही. लहानपणापासूनच्या कुपोषणाने होणारा मधुमेह वेगळा असतो आणि त्यात कुंपणाचा काही दोष नसतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधनाचा यात मोठा वाटा आहे, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप फाइव्ह म्हणून मान्यता दिली. अशा मुलाला प्रतिकारशक्तीचं औषध दिलं तर नुसता धोका पदरात पडेल. म्हणून प्रतिपिंडांचा तपास आधी. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडचं एक्सेटर विद्यापीठ यांच्याबरोबर, युरोपात तयार झालेली टाइप वन ओळखण्याची जनुकीय मोजपट्टी भारतीय रुग्णांना कितपत लागू पडते हे तपासलं. ती बऱ्यापैकी लागू पडते, पण काही बाबतींत आपली जनुकं वेगळी बोलतात. आपल्या मुलांचं रक्त, आपल्या मुलांचे आकडे यांची गरज असते ती यासाठी.

तिसरी गोष्ट मला बालरोगतज्ज्ञ म्हणून टोचते. ज्या मुलांचं शेत सर्वांत वेगाने खाल्लं जातं ती सात वर्षांखालची चिमुकली. मोठ्या चाचण्यांमध्ये तीच नव्हती. त्यांच्यासाठीच्या चाचण्या मागाहून सुरू झाल्या आहेत.

भारतात वीस वर्षांखालच्या टाइप वनच्या रुग्णांची संख्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे २ लाख २९ हजार, जगात सर्वाधिक, आणि दरवर्षी त्यात सुमारे २४ हजारांची भर. एवढी मुलं जिथे आहेत तिथल्या रुग्णालयांशिवाय या संशोधनाचं उत्तर पुरं कसं होईल? महाराष्ट्रात जमीन तयार आहे. पुण्याला जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा आणि डॉ. वामन खाडिलकर वर्षानुवर्षं या मुलांची वाढ, हाडं, साखर मोजत आले आहेत. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान', नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी उभा केलेला 'ड्रीम ट्रस्ट' यांनी परिस्थिती नसलेल्या मुलांना इन्सुलिन आणि शिक्षण दिलं. अजिंठ्याचा घाट ओलांडला की संभाजीनगर. खानदेश या नकाशाच्या बाहेर नाही, फक्त आपल्या मुलांची नोंद त्यात पोचायला हवी.

उद्या अशी चाचणी आपल्या दारात आली तर काय विचारायचं, हे पुस्तिकेच्या शेवटच्या भागात आहे. मी दोन-तीनच गोष्टींवर बोट ठेवतो. चाचणी सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदलेली आहे का, हे आधी पाहा. २००९ पासून ती नोंद सक्तीची आहे. खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे पालकांकडून घेत नाहीत. तुमच्या मुलाला औषधाऐवजी नुसतं सलाइन मिळण्याची शक्यता असते. ती फसवणूक नाही, त्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही, पण हे तुम्हाला आधी समजलं पाहिजे, तुमच्या भाषेत, अहिराणीत लागलं तर अहिराणीत. आणि मूल सात वर्षांपुढचं असेल तर त्याचीही संमती घ्यावी लागते. मूल 'नको' म्हणालं तर त्याचं ऐका. ज्या कोणी दोन-तीन लाख मागून मूलपेशींनी हा आजार मुळासकट घालवतो असं सांगितलं, त्याच्या दारातून परत या. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मधुमेहावर मूलपेशींचा उपचार चाचणीबाहेर देताच येत नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत रोजचं इन्सुलिन नीट लागलं पाहिजे. तेही सोपं नाही. आपल्याकडे बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या, पेन १०० चं. लाल टोपीची सुई ४० ची, केशरी टोपीची १०० ची. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सुईत भरलं तर मुलाला अडीचपट डोस जातो. हे मी प्रत्येक आईकडून दोन्ही सुया हातात देऊन म्हणवून घेतो. लाइट गेली तर बाटली कुठे ठेवायची, याचंही उत्तर घरात असतं, एका माठात दुसरं मडकं आणि मधे ओली वाळू. गेल्या मे महिन्यात शिरपूरकडच्या एका वडिलांनी मला असं मडकं दाखवायला आणलं होतं. आत थर्मामीटर ठेवलं होतं आणि भिंतीवर कोळशाने दुपारचे आकडे लिहून ठेवले होते, त्याचा फोटोही मोबाइलमध्ये होता. संशोधन कशाला म्हणतात ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

पुस्तिकेच्या सुरुवातीला एक रिकामं पान ठेवा, असा आग्रह मी धरला होता. निदानाची तारीख, त्या दिवशीचं वजन, पहिली साखर, प्रतिपिंडं कोणती, सी-पेप्टाइड किती, घरात टीबी कोणाला. हे पान भरलेलं असेल तर पुण्याच्या किंवा मुंबईच्या डॉक्टरला मूल पहिल्याच भेटीत समजेल, आणि दार उघडं असेल तर दिवस वाया जाणार नाहीत. सर्वांत वरती मी एक रकाना घालायला लावला, 'तहान कधीपासून'. कच्ची प्रत तपासायला काही पालकांना दिली होती. त्या नऊ वर्षांच्या मुलीची आईही त्यात होती. मुलगी आता कॉलेजात जाते, डोस स्वतः ठरवते. आईने बाकीचे रकाने मुलीकडून भरून घेतले होते, वरचा मात्र स्वतःच्या हाताने लिहिला होता, 'अखाजीच्या आधी आठ दिवस'.